शटडाऊनवर ठेवलेलं अंग

मी दोन्ही वेळ जेवत होती, तरी झिजून राहिली होती. ही गोष्ट कोणाले पटत नव्हती, मले तरी कुठं पटत होती? तुमच्या घरात असा माणूस असंन, जो ताटासमोर बसून नुसता भात चिवडते अन् ज्याचे कपडे दर महिन्याले ढिले होतात, तर हे त्याच्यासाठी आहे. त्याच्याहून जास्त, ते ताट वाढणाऱ्यासाठी आहे.

मी डॉक्टर नाही. माझं नाव विमल. माहेर भंडाऱ्याकडचं, शिक्षण दहावी, नवऱ्याची नोकरी स्टील प्लांटमध्ये म्हणून भिलाईले आली अन् वैशाली नगरात घर बांधून इथलीच झाली. लिहिण्यात माझं नागपुरी येईल, मधातच हिंदी घुसंल, चालवून घ्या. आजारपणात मले कोणी शुद्ध मराठीत धीर दिला नाही, म्हणून तो सांगायले बी शुद्ध मराठी जमणार नाही.

कणीक फाटली

आमच्या मोहल्ल्यात जयंतीच्या दिवशी पंगत असते, अन् त्या पंगतीतली लांब रोटी माझ्या हातची. ज्यायनं पाहिली नाही त्यायच्यासाठी सांगते. कणीक पातळ भिजवायची, परातीत आपटून आपटून तिले लोच, म्हणजे ताण, आणायचा, मंग गोळा हातावर घेऊन कोपरापर्यंत झुलवत झुलवत लांबवायचा, अन् चुलीवरच्या पालथ्या मटक्यावर टाकून द्यायचा. पाहणाऱ्याले वाटते मनगटाचं काम आहे, पण खरा जोर खांद्याचा लागते. त्या वर्षी थोड्याच रोट्या झाल्या अन् माझे हात आपोआप खाली आले. गोळा मटक्याच्या अलीकडंच फाटला अन् अर्धा चुलीत पडला. बाया हसल्या, मी बी हसली. गहू नवा होता म्हणून गव्हाले दोष दिला अन् परात दुसरीकडं सरकवली.

त्याच्या आधीपासूनच मी उतरून राहिली होती. सिविक सेंटरमधल्या टेलरकडं ब्लाऊज आत घ्यायले नेले, तर तो म्हणे, मॅडम, योगा चालू आहे काय. शेजारच्या दोघी-तिघींनी तर घरी येऊन विचारलं, तू सकाळी काय पितेस. खोटं कावून बोलू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याच वेळी ते मूठ मूठ उतरून बी राहिलं होतं, पण ते मले कोण सांगणार? खोकला होता, पण हवा बदलली की खोकला येतेच. दुखणं हत्तीच्या पावलानं येते म्हणतात. माझं तर मुंगीच्या पावलानं आलं अन् मले उलटं बरं वाटलं.

चहा घेशील काय

मंग खोकल्यात रक्ताची रेघ दिसली. रायपूरच्या दवाखान्यात छातीचे फोटो झाले, सुई टाकून तुकडा काढला. रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरनं आमच्या यायले, म्हणजे माझ्या नवऱ्याले, आत बोलावलं. मी बाहेर बाकावर बसून समोरच्या बाईच्या साडीचे काठ पाहत होती.

हे बाहेर आले अन् मले म्हणाले, चहा घेशील काय. आमच्या घरात चहा मी विचारते, मीच करते अन् मीच कप उचलते. यायनं लग्न झाल्यापासून मले कधी चहा विचारला नव्हता. मी तिथंच समजली.

"कॅन्सर आहे काय जी?"

"हाव. उजव्या फुफ्फुसात. पण एकाच जागी आहे."

मी जिंदगीत तमाकूची चिमूट तोंडात टाकली नाही, बिडी तर दूरच. हे मी त्या दिवशी यायले दहा वेळा सांगितलं असंन, जसं काही माझ्यावर खटला चालू होता. यायनं दहाही वेळा ऐकून घेतलं. डॉक्टरचं म्हणणं होतं की पहिले केमो देऊ, गाठ लहान करू, मंग ऑपरेशन करून तेवढा भाग काढून टाकू. ऑपरेशन झालं तर बरं व्हायची चांगली आशा, नाही झालं तर गाठ नुसती दाबून ठेवावी लागेल. आमची सगळी भिस्त त्या एका ऑपरेशनवर होती.

शटडाऊन

आमचे हे प्लांटमध्ये बॉयलरवर होते, नुकतेच रिटायर झाले. तिथं मशीननं थोडा बी वेगळा आवाज केला की पहिले लोड काढतात, शटडाऊन घेतात, पाटी लटकवतात, अन् मंगच कोणी हात लावते. हे आयुष्यभर तेच करत आले. त्याच दिवशी संध्याकाळी यायनं मुलाले अन् सुनेले समोर बसवलं अन् सांगितलं, आजपासून तुमची आई शटडाऊनवर. कोणी तिले काडी उचलू द्यायची नाही.

अन् माय, काय पाळलं त्यायनं! बैठकीतल्या दिवाणावर माझी गादी लागली. उशापाशी घंटी ठेवली. सून पूजानं चूल हाती घेतली. पोरगी रायपूरची, हिंदीत वाढलेली, पण जीव लावणारी. पाण्याचा गिलास हातात, टीव्हीचा रिमोट हातात, केस बी तीच विंचरून द्यायची. संडासात जायले दोघं धरायचे. शेजारची दुलारी साहू दुपारभर पाय चेपत बसायची. मी कपडे घडी करायले घेतले तर मुलगा ओढून न्यायचा. पहिले काही दिवस मले आवडलं, कावून नाही आवडणार? सासरी आल्यापासून असं लोळायले कधी भेटलं होतं?

पाहायले येणारे तर शिफ्टनुसार यायचे. फर्स्ट शिफ्टवाले दुपारनंतर, जनरलवाले संध्याकाळी, अन् हरेकाच्या हातात डबा. हरेकाचं म्हणणं एकच, माझ्या हातचा एक घास तरी खा. कोणी वडाभात, कोणी मटणाचा रस्सा, कोणी तांदळाच्या पिठाचा फरा आणला. त्या सगळ्यायचे उपकार मी विसरणार नाही. पण तेव्हा फाटक वाजलं की मी डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायची.

ताट

केमो सुरू झाल्यावर तोंडाले लोखंड चाटल्यासारखी चव आली. फोडणीचा वास आला की मी तोंडावर पदर धरायची. तरी मी खात होती, जेवढं जाईल तेवढं ढकलत होती. दवाखान्यातल्या काट्यावर मात्र दर खेपेले वजन खालीच.

हे माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसायचे अन् माझ्या ताटाकडं असे पाहायचे, जसे बॉयलरच्या काट्याकडं पाहत असतील. शेवटचा घास जाईपर्यंत उठायचे नाहीत. सासूबाई म्हणायच्या ते बी यायले आठवायचं, खाऊन माजावं, टाकून माजू नये. मी शिकली मंग. हे पाणी आणायले उठले की अर्धी पोळी खिडकीतून बाहेर. गल्लीतलं कुत्रं माझ्या वाट्याचं खाऊन टुणटुणीत झालं, अन् एका दिवशी ते खिडकीखाली शेपूट हलवत बसलेलं यायनं पाहून घेतलं.

हे ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ताट उचललं अन् हळूच म्हणाले, "तुले जगायचंच नाही काय?"

"माझ्या तोंडानं खाऊन पाहा तुम्ही," मी म्हटलं.

हे बाहेर गेले अन् स्कूटर धुवत बसले. ती काही मळली नव्हती. मी दिवाणावर भिंतीकडं तोंड करून रडली. कॅन्सर झाला त्या दिवशी बी मी इतकी रडली नव्हती. ज्या माणसानं माझ्यासाठी रात्रीचा दिवस केला, त्याले वाटून राहिलं होतं की मी त्याले सोडून जायची तयारी करून राहिली. अन् मले वाटायचं, मीच कुठं तरी कमी पडली असंन, नाही तर दुसऱ्यायच्या बाया कशा खातात? आमच्या घरात त्यानंतर जेवणाच्या वेळेची सगळ्यायले भीती वाटायले लागली.

पाट

एका दिवशी आंघोळीले पाटावर बसली अन् उठताच येईना. पायाले सांगते उठ, तर पाय ऐकतच नाही. पोटरी हातात धरली तर नुसतं ढिलं कातडं. मांडीवरचं मांस कुठं गेलं, कोणी काढून नेलं, मले समजेना. दुखत बी नव्हतं. दुखलं असतं तर निदान हाक तरी मारली असती.

घंटी तिथं नव्हती म्हणून शेवटी तांब्या वाजवला. पूजा आत आली. मी अंगावर ओला टॉवेल ओढायले गेली, तर तो बी नीट धरता येईना. सुनेसमोर असं बसायची पाळी येईल असं मले कधी वाटलं नव्हतं. तिनं बादली बाजूले केली, स्वतःची साडी खोचली, समोर उकिडवी बसली अन् माझे दोन्ही हात आपल्या गळ्यात घेतले. उठवलं, पुसलं, गाऊन घातला. मंग म्हणे, मम्मी, मेरी शादी में आपने मुझे उठाकर गोद में बिठाया था, हिसाब बराबर. त्या पोरीचं मी पुढं कधीच काही मनावर घेतलं नाही, अन् घेणार बी नाही.

त्याच सुमारास नवे फोटो झाले. गाठ चांगलीच आखडली होती. आमचा जीव भांड्यात पडला, पण घडीभरच. ऑपरेशन करणारे डॉक्टर मले घेऊन जिन्यापाशी गेले अन् म्हणाले, चढा. पहिल्या वळणावर मी खाली बसली. तिथंच बसल्या बसल्या मले त्यायनं सांगितलं की गाठ काढणं त्यायच्या हातात आहे, पण नंतर श्वास ओढायले, खोकून कफ काढायले, उठून बसायले जी ताकद लागते ती माझीच लागेल. आज कापलं तर मी टेबलावरून उठीन, पण खाटेवरून उठणार नाही. पुढच्या फोटोपर्यंत त्यायनं वेळ दिला. त्या वेळी त्यायच्या मजल्यापर्यंत न बसता चढली तर ऑपरेशन, नाही तर ऑपरेशनचा विषय बंद. गाठ पुन्हा वाढायले लागली की संधी गेली.

परत येताना हे वाटेतली दुकानंच पाहत होते. कुम्हारीत गाडी थांबवली अन् अंड्याचा अख्खा ट्रे घेऊन आले. माझ्या मांडीवर ठेवला.

डॉक्टर मॅडम

त्याच दवाखान्यात एक तरुण मॅडम होती, पेशंटचं खाणंपिणं, दुखणं-खुपणं पाहणारी. हे मले तिच्याकडं घेऊन गेले ते तक्रार करायलेच. कुत्र्याची गोष्ट बी सांगितली. मी मान खाली घालून बसली.

मॅडमनं सगळं ऐकलं अन् विचारलं, अंकल, शाळेत मायटोकॉन्ड्रिया शिकले होते काय. यायले काही आठवेना. मले आठवलं, तंतुकणिका, पेशीचं ऊर्जाघर, एका मार्काचा प्रश्न. तो एक मार्क मले भेटला होता, पण त्याचा अर्थ मले त्या दिवशी समजला.

तिनं सांगितलं ते मले समजलं तसं लिहिते. स्नायूच्या पेशीपेशीत ह्या बारक्या भट्ट्या असतात. आपण खाल्लेलं तिथं जळते अन् त्यातून हातापायाले जोर भेटते. गाठ फुफ्फुसात असली तरी ती रक्तात असं काही सोडत राहते की आतून अंगभर दाह सुरू होते. त्यानं ह्या भट्ट्या बिघडतात, तुटतात, कमी होतात. उरलेल्या जळण खातात पण जोर कमी काढतात. तिकडं शरीर आपलंच मांस तोडायले लागते. केमोच्या औषधानं बी भट्ट्यायले मार बसते. अन् भूक मारणारा बी हाच आजार. म्हणून नुसतं कोंबून ते मांस परत येत नाही. ह्याच्यावर एक गोळी खाल्ली अन् झालं, असं औषध नाही, अन् सगळं कोडं आमाले बी उलगडलं नाही, हे बी ती साफ बोलली.

यायनं ते आपल्या बॉयलरवर लावून पाहिलं. मंग म्हणाले, म्हणजे कोळसा पडून राहिला, आग बी आहे, पण वाफच बनून नाही राहिली. मॅडम म्हणाली, असंच समजा.

"मंग ही जाणूनबुजून नाही करून राहिली?"

"नहीं अंकल. आंटी की गलती नहीं है. आपकी भी नहीं."

यायनं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, घातला, पुन्हा काढला. मले त्या मॅडमच्या पाया पडावंसं वाटलं. इतक्या महिन्यायपासून आमच्या दोघायच्या मधात जे ताट ठेवलेलं होतं, ते तिनं उचलून बाजूले ठेवलं.

मंग तिनं दिवाणाची चौकशी केली. घंटी, संडासात धरणारे दोघं, पाय चेपणारी दुलारी, सगळं ऐकून तिनं कपाळाले हात लावला. म्हणे, एवढ्या प्रेमानं तुम्ही उरलेल्या भट्ट्या बी थंड करून राहिले. स्नायूले थोडं काम पडलं तरच तो शरीराले नव्या भट्ट्या मागते. नुसतं पडून राहिलं तर मागणीच नाही. थोडं चालणं, थोडा जोर, त्याच्यासोबत डाळ-अंडं-दही थोडं थोडं, अन् गाठीवरचा इलाज चालू. तिन्ही सोबत पाहिजे. तरी मांस सगळं परत येईलच असं तिनं वचन दिलं नाही. ताप असला, रक्त कमी असलं तर थांबायचं, हे बी बजावलं. प्रत्येकाचं वेगळं असते, म्हणून माझं पाहून कोणी आपल्या मनानं जोर काढू नका, डॉक्टरले विचारा.

त्या दिवशी कुम्हारीत यायनं गाडी थांबवली नाही.

ट्रायल रन

घरी आल्यावर यायनं घंटी उचलून कपाटावर टाकली अन् सगळ्यायले सांगितलं, शटडाऊन संपला, ट्रायल रन सुरू. मुलाले ते पटलं नाही, तो बापाशी भांडला. इतकी कमजोर आई अन् तिले चालवता? हे म्हणाले, हलक्या लोडवर चालवू, पण चालवू. माझ्यासाठी दोन पुरुष भांडून राहिले अन् मले कोणीच विचारून नाही राहिलं, म्हणून मीच उठून उभी राहिली. लगेच बसली, ते वेगळं.

पी हळद अन् हो गोरी, असं काही झालं नाही. दिवाणावरून हात न टेकता उठायचं, मंग बसायचं, एवढंच काम, अन् त्यात बी घाम फुटायचा. मंग फाटकापर्यंत. मंग दुलारीच्या दारापर्यंत. मधातच ताप आला अन् दवाखान्यात पडून राहिली, तिथून आली तर पुन्हा फाटकच दूर झालं. मी चिडली, पूजावर राग काढला, देऊन टाका ते ऑपरेशन दुसऱ्याले, असं बी बोलली. मले लय भीती वाटत होती. रोज चालून बी जिना नाहीच झाला तर यायले किती लागेल, हाच विचार यायचा. मरायची भीती मले त्यापुढं लहान वाटत होती.

खायच्या बाबतीत यायनं खुर्ची सोडली. वाटी ठेवायचे अन् निघून जायचे. पाहणारं कोणी नाही म्हटल्यावर घास जरा सोपा झाला. मले बासीची आठवण यायची, रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, इकडं उन्हाळ्यात सगळे खातात. मॅडमनं केमोमध्ये ते मना केलं. तर दुलारी रोज सकाळी ताजी पेज करून, थंड करून, त्यात दही घालून आणायची. म्हणायची, ले दीदी, बासी के बहिनी. पूजा डाळीच्या पाण्यात अंड्याचा पांढरा भाग असा लपवायची की मले पत्ता नाही लागायचा. डबेवाल्या पाहुण्यायले यायनं दारातच सांगून ठेवलं, डबा राहू द्या, हिच्यासंग गल्लीत एक चक्कर मारून या. लोकायले पहिले विचित्र वाटलं. मंग ज्यायच्या त्यायच्या शिफ्टनंतर माझ्यासंग चालायले कोणी ना कोणी यायलेच लागलं.

हाताच्या जोरासाठी मॅडमनं विचारलं होतं, घरात काय काम करत होत्या. लांब रोटीचं सांगितलं तर म्हणे, मंग कणीकच आपटा. पूजानं परात दिवाणावर आणून ठेवली. पहिल्या दिवशी कणीक आपटली कुठं, मी तिले नुसती थोपटली. पण रोज आपटत गेली. रोटी जमो न जमो, फेकायची नाही म्हणून त्या कणकेचे जाडेभरडे पराठे होत अन् सगळं घर मुकाट्यानं खात. मुलगा म्हणे, आई, तू बरी हो बाई लवकर, आमच्या दातासाठी तरी.

जिना

फोटो चांगला आला होता. आता जिनाच राहिला होता. डॉक्टरनं सांगितलं, कोणी हात लावायचा नाही, थांबायची परवानगी आहे, बसायची नाही.

हे माझ्या कोपराले हात लावायच्या सवयीनं पुढं आले, अन् मंग दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहिले. मी चढायले लागली. पहिलं वळण आलं, जिथं मागच्या खेपेले बसली होती. थांबली, श्वास घेतला, चढली. पुढच्या मजल्यावर मांड्या थरथरायले लागल्या. वरून एक म्हातारे बाबा सलाईनची बाटली हातात उंच धरून उतरून राहिले होते. मले पाहून ते भिंतीले चिकटले अन् जागा दिली. म्हणे, चढ बेटा, जल्दी नहीं है. कोण होते माहीत नाही. त्यायचं ते एक वाक्य मी कठड्यासारखं धरून चढली. शेवटच्या पायऱ्यायले मले दिसतच नव्हतं, नुसता पाय उचलायचा अन् ठेवायचा.

वर पोचली तर डॉक्टरनं बोटाले ऑक्सिजन पाहायचं मशीन लावलं, थोडा वेळ पाहिलं, अन् नर्सले म्हणाले, इनको तारीख दे दो. मी उभीच होती. भिंतीले टेकली होती, पण उभी होती.

मागं धापा ऐकू आल्या. हे माझ्या मागं मागं आले होते, गुडघे दुखतात तरी लिफ्ट न घेता. माझ्यापेक्षा जास्त दम यायलेच लागला होता. नर्सनं घाईनं खुर्ची आणली अन् पेशंट समजून यायलेच बसवलं. मी हसायले गेली तर खोकला आला, अन् खोकता खोकता हसली.

आता

ऑपरेशन झालं. ते सोपं नव्हतं. छातीत नळ्या, उशी छातीशी दाबून खोकायचं, अन् दुसऱ्याच दिवशी एक नर्स येऊन म्हणते, चला, खुर्चीत बसा. मी बसली. नाही बसू शकली असती तर काय झालं असतं, ते तिथल्या बाजूच्या खाटेवर मी पाहिलं, त्याच्यावर लिहायचं मन होत नाही.

मांस सगळं परत आलं नाही. दंडाचं कातडं अजून लोंबते, टेलर आता योगाचं विचारत नाही. फोटो आजवर साफ आहेत. पुढच्या फोटोच्या आधी झोप जाते, ती जाणारच. पण पाटावरून मी माझी मी उठते. हे रोज घडते अन् रोज मले त्याचं अप्रूप वाटते. पूजा, दुलारी, मॅडम, ते सलाईनवाले बाबा, अन् आमचे हे, कोणाकोणाचं नाव घेऊ? एकट्यानं कोणी बरं होत नाही, हे मी पाहिलं.

दवाखान्यात पूजाची ओळख कुम्हारीच्या एका बाईशी झाली, सुनंदा तिचं नाव. नवरा ट्रकच्या बॉडी बांधायच्या कारखान्यात वेल्डर, त्याले पोटाचा कॅन्सर. तिनं मले घरी बोलावलं, म्हणे ताई, तुम्ही येऊन यायले समजवा, हे खातच नाहीत. मी गेली. भाऊ, म्हणजे तिचे मालक, भिंतीकडं तोंड करून पडले होते. खाटेपाशी सुनंदा दलियाची वाटी घेऊन बसली होती, किती वेळची बसली होती कोण जाणे. मले पाहिल्याबरोबर रडायले लागली. म्हणे, माझ्या हातचं यायले आता गोडच लागत नाही, माझ्यावर कशाचा राग धरून आहेत ते बी सांगत नाहीत.

मी तिच्या हातातून वाटी घेतली.

"सुनंदा, तुझ्या हाताले काही झालं नाही. अन् यायच्या मनात बी काही नाही. हे सगळं तो आजार करून राहिला."

भाऊनं तोंड इकडं फिरवलं. डोळे भरले होते. बायकोकडं पाहिलं अन् नुसती मान हलवली, हाव म्हणून. मी विचारलं, डॉक्टर चालायचं काय म्हणाले. सुनंदा म्हणे, थोडं थोडं चालवा म्हणतात, पण एवढ्या कमजोर माणसाले मी कशी उठवू. मी म्हटलं, फाटकापर्यंत जा दोघं. वाटीचं मी पाहते.

भाऊ उठले. उठायले वेळ लागला, पण सुनंदानं घाई केली नाही. दोघं अंगणातून हळूहळू निघाले. ती पहिले कोपर धरून होती, मंग सोडून नुसती बाजूनं चालायले लागली. काहीतरी बोलत बी होते, मले ऐकू आलं नाही. वाटी माझ्या हातातच होती, दलिया अजून कोमट होता, वरून तूप सोडलेलं. मले भूक लागली होती. ते फाटकापर्यंत पोचेपर्यंत मी सगळी वाटी खाऊन टाकली.